शीग

मृगाचा पाऊस लागला की आमच्या सदलग्यात संध्याकाळी एक वास सुटतो. मृद्गंध म्हणतात तो हा नाही, तो वळवाबरोबरच येऊन गेलेला असतो. हा वास भिजून कुजू लागलेल्या उसाच्या पाचटाचा आणि दूधगंगेला आलेल्या तांबूस पाण्याचा मिळून असतो, थोडा आंबूस, थोडा गोडसर, सवय नसलेल्याला नकोसा. मला आवडतो. त्या वासात सोप्यात पाय लांब करून बसावं, आत दिवा लागलेला असावा आणि तासभर कुणी हाक मारू नये, एवढीच माझी या वयातली चैन. तशी बसले होते आणि शेजारी ठेवलेल्या फोनमधून नाणी सांडल्याचा आवाज आला. दचकून पदर सावरला, खाली बघितलं, जमिनीवर काही नव्हतं. फोनच्या काचेवर मात्र सोनेरी चकत्या वरून खाली गळत होत्या आणि त्यांच्याखाली लिहिलं होतं की तुमचे ३४० पॉइंट ३० तारखेला संपत आहेत.

हे पॉइंट मी कधी मिळवले ते मला आठवत नव्हतं. पण ते संपणार म्हटल्यावर एकाएकी ते माझे झाले. कणगीतलं धान्य मोजून ठेवलेलं नसतं, पण उंदीर लागल्याचं कळलं की पायली-पायलीचा हिशेब सुचतो, तसंच काहीसं.

योगायोगानं घरचा मिक्सर आठवड्यापूर्वी जळाला होता. शेंगदाण्याच्या चटणीचं निमित्त झालं. नवा घ्यायचाच होता, म्हणून जुन्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. पॉइंटवाल्या ॲपवर मिक्सर ३,१४९ रुपयांना. चार पॉइंटांचा एक रुपया, म्हणजे माझ्या ३४० पॉइंटांचे ८५ रुपये वजा जाता राहिले ३,०६४. शिवाय या खरेदीवर नवे १२६ पॉइंट मिळणार, त्यांचे साडेएकतीस रुपये, तेही उदार मनानं वजा केले. दुसऱ्या एका ॲपवर तोच मिक्सर, तोच लाल रंग, तीच तीन भांडी, २,८९९ रुपये. ना पॉइंट, ना नाण्यांचा आवाज. म्हणजे सगळी जमा-वजाबाकी करून पहिला सौदा शंभरावर तेहतीस रुपये आठ आणे महागच. चौथीतल्या पोराला सुटेल असं गणित. आणि तरीही माझं बोट पुन्हापुन्हा पहिल्या ॲपकडेच जात होतं.

पुण्यात लेक हिशेबतपासनीसांच्या कचेरीत काम करते. तिला फोनवर विचारलं तर हसली. म्हणाली, “अगं आई, ते पॉइंट म्हणजे तुझे पैसे नव्हेत. रोख भाव बघ आणि मोकळी हो.”

मोकळी हो, हे तिनं बरोबर सांगितलं. पण मोकळं होणं आमच्या पिढीला फारसं जमत नाही, आणि त्याचं मूळ शोधत गेले तर मी थेट माहेरच्या खळ्यात जाऊन उभी राहते.

माझं माहेर नदीपलीकडचं, दत्तवाड. मधे दूधगंगा. अलीकडे चिकोडी तालुका, पलीकडे शिरोळ. अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. जोंधळ्याची रास झाली की वडील पायली घेऊन बसत. चिपटं, मापटं, शेर आणि चार शेरांची पायली, अशी ती लाकडी, लोखंडी पट्टीची मापं कोनाड्यात एकात एक बसून असत. पायलीच्या काठाला धान्य टेकलं की माप भरलं असं शाळेचं पुस्तक सांगत असे, पण वडील तिथं थांबत नसत. वर आणखी ओतत, दोन्ही तळव्यांनी कडेकडेनं सावरत, आणि काठाच्या वर जोंधळ्याचा एक सुळका उभा राही. त्या सुळक्याला शीग म्हणायचं. आणखी चार दाणे टाकावेत तर ते राहत नसत, घरंगळून खाली येत. ते घरंगळले की वडील समाधानानं “लाभ” म्हणत, कारण मोजताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. सुताराला, लोहाराला, न्हाव्याला घातलेलं माप शिगेचंच असे. शिगेतले दाणे किती, ते कुणी मोजत नसे, तिला भावही नव्हता. आणि ती नसली तर माप पुरं असूनही माणसाला उणं वाटे.

कानडीत या वरच्या थोडक्याला कोसरू म्हणतात. आमच्याकडे अर्धी बाजारपेठ कानडी बोलते आणि अर्धी मराठी, पण कोथिंबिरीच्या चार काड्या मेथीच्या पेंडीवर ठेवताना दोन्हीकडच्या भाजीवाल्यांचा हात सारखाच हलतो. पुढे दशमान पद्धत आली, किलो आले, आता काट्यावर लाल आकडे येतात. काट्याला शीग लावता येत नाही. तरी भाजीवाली आकडा पुरा झाल्यावर एक टोमॅटो वर टाकते, तेव्हा मला पायलीचीच आठवण होते.

लहानपणी एक मात्र लक्षात आलं नव्हतं, ते पुढे आलं. धान्य न्यायला व्यापाऱ्याचा माणूस येई तेव्हा तोही शीग मागे, हक्कानं मागे. आणि त्याच्याच दुकानात आपण चिपटंभर डाळ घ्यायला गेलो की काठावरून बोट फिरवून तो माप सपाट करी. घेताना शीग आणि देताना सपाट. शीग कोण कुणाला घालतं यावर पुष्कळसं अवलंबून असतं.

लग्न होऊन सदलग्याला आले. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात त्यांची सगळी मौल्यवान कागदपत्रं: साखर कारखान्याचं सभासदाचं कार्ड, सोसायटीची पावतीपुस्तकं, कुणाकुणाच्या पत्रिका आणि चहाच्या पुड्यांवरून कापलेली नऊ कुपनं. दहा कुपनं दिली की स्टीलची वाटी मिळायची. नववं कुपन कापलं आणि कंपनीनं योजनाच बंद केली. आत्तींनी ती नऊ कुपनं टाकली नाहीत. “असू दे की, खायला मागत्यात व्हय?” एवढंच म्हणायच्या. दुसरा चहा रुपयाभर स्वस्त मिळत असताना वर्षभर तोच महागाचा चहा घरात आला होता आणि तो कुणालाच फारसा आवडत नव्हता, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटायचं हा आपल्याकडच्या बायकांचा भाबडेपणा. मग कळलं की अमेरिकेत १८९६ सालापासूनच दुकानदार गिऱ्हाइकाला हिरवी तिकिटं देत आले होते. ती वह्यांत चिकटवायची, वह्या भरल्या की भांडी, दिवे, काय हवं ते घ्यायचं. म्हणजे आत्तींच्या जावा समुद्रापलीकडेही होत्या.

२००६ साली नून्स आणि ड्रेझ या दोघा अभ्यासकांनी मोटार धुण्याच्या दुकानात एक प्रयोग केलेला प्रसिद्ध झाला. काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही पुढे आठ वेळाच यायचं होतं. कोरं कार्ड पुरं करणारे शंभरात १९ निघाले, दोन शिक्के फुकट मिळालेले ३४. मला यात नवल वाटलं नाही. सोळा सोमवार धरायला कुणी सहजी तयार होत नाही. पण मागचे दोन सोमवार नकळत उपास घडलाच आहे, आता चौदाच राहिले, असं कुणी सांगितलं तर मीही सतराव्या सोमवारच्या चुरम्याची तयारी करायला लागेन.

लेकीनं त्या दिवशी आणखी एक गंमत सांगितली. गिऱ्हाइकांनी न वापरलेले पॉइंट कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून दिसतात. त्यातले काही कधीच कुणी मागणार नाही याचा अंदाज आधीच बांधलेला असतो, आणि त्याला हिशेबाच्या भाषेत ब्रेकेज म्हणतात. ब्रेकेज म्हणजे मोडतोड. ऐकून मला आमच्या दारावर येणारी कासारीण आठवली. हातात बांगडी चढवताना फुटली तर ती तिच्या खात्यात. शिवाय दोन्ही हात भरून झाल्यावर एक वरची घालायची, तिचे पैसे नसत. आणि बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नाही, वाढली म्हणायचं. इतकी वर्षं मी तो शब्द अशुभ टाळण्यासाठीचा समजत होते. कंपनीच्या वहीत मात्र मोडतोड खरोखरीच वाढत असते. माझे ३४० पॉइंट ३० तारखेला वाढणार होते, त्यांच्या बाजूला.

पण जुनं ते सगळं सोनं, असा सूर लावण्याचं धाडस मला होत नाही. मामंजींचं आयुष्य तंबाखूत गेलं. निपाणीच्या वखारीत ते माल घालत. एकाच व्यापाऱ्याकडे, वर्षानुवर्षं. त्या व्यापाऱ्याबद्दल घरात वाईट शब्द कुणी काढत नसे. नडीला तो उचल देई. नणंदेच्या लग्नात त्यानं आहेर पाठवला. दिवाळीला वखारीत गेलं की चहा, फराळाचा पुडा, पोरांच्या हातावर काही ना काही. तंबाखूचा भाव काय, हे मात्र तो सांगेल तेच. माल वखारीत जाऊन पडल्यावर, दोन पारडी झुकवून, घट वजा करून, उचल वजा करून जे उरेल ते. दुसरीकडे भाव जास्त असला तरी जाता येत नसे, कारण वहीत नाव होतं. सगळी शीगच शीग, आणि खालचं माप अर्धं. मामंजी हे हसत सांगायचे. ते हसणं मला अजून नीट उलगडलेलं नाही.

१४ मार्च १९८१ ला तंबाखूचे शेतकरी बैलगाड्या घेऊन पुणे-बंगलोर रस्त्यावर येऊन बसले तेव्हा मामंजीही गेले होते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे माणसांचा पूर आला होता. निपाणीजवळ रस्त्यावरच वसलेल्या त्या गावाला आंदोलननगर म्हणत. तिथेच रांधायचं, तिथेच निजायचं. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. मामंजी त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नसत, पण शेतकरी संघटनेची घोषणा त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत होती: भीक नको, हवे घामाचे दाम. मला त्यातला दाम हा शब्द नेहमी टोचतो. फराळाचा पुडा नको, आहेर नको, भाव बोला. चेंबलेल्या पितळी तांब्यातलं पाणी पिऊन, मिशी पुसून ते हे म्हणायचे तेव्हा घोषणेचा आवेश त्यात नसे, साध्या हिशेबाचा सूर असे.

पुढे कधीतरी वाचनात आलं की विमान कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांना मैलांचे पॉइंट देण्याची अमेरिकन एअरलाइन्सची योजना, आजच्या साऱ्या पॉइंटांची ती आज्जी, १ मे १९८१ रोजी सुरू झाली. आमच्या रस्त्यावरच्या गोळीबारानंतर बरोबर पंचविसाव्या दिवशी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मी तो लावतही नाही. पण तारखा शेजारी ठेवून बघितल्यापासून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

मग शीग वाईटच का? तेही म्हणवत नाही. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी १८४४ साली काही विणकरांनी मिळून एक छोटं दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या असला माल. त्यांनी माल स्वस्त विकला नाही; बाजारभावानंच विकला, आणि झालेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्याला तितक्या प्रमाणात परत वाटला. आमचं इचलकरंजी इथून जवळ, त्यालाही महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, म्हणून ही गोष्ट मला शेजारघरची वाटते. आपल्या देशातली पहिली शेती पतसंस्थाही याच कानडी मुलखातली, गदगजवळच्या कणगिनहाळची, १९०५ सालची. त्या झाडाच्या पारंब्या आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या: सोसायटीचा लाभांश, सभासदाला सवलतीची साखर, आणि माहेरी डेअरीचा दिवाळीतला दूध फरक. वर्षभर रतीब घातलेल्या दुधाचा तो फरक आला की आई नवं लुगडं घेई, आणि भावानं एखाद्या महिन्यात चार पैसे जास्त देणाऱ्या खासगी डेअरीला दूध घातलं की त्याच्याशी दोन दिवस बोलत नसे. तिचा राग फरक बुडाला म्हणून, की आपली डेअरी सोडली म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. दूध फरक आणि माझे पॉइंट कागदावर सारखेच दिसतात. फक्त डेअरीची निवडणूक असते, वार्षिक सभेत माझा भाऊ उठून भांडतो, गेल्या साली फरक कमी का, म्हणून माइक ओढून घेतो. ॲपच्या वार्षिक सभेचं आमंत्रण मला अजून आलेलं नाही.

या पॉइंटांच्या व्यवहाराला इंग्रजीत लॉयल्टी म्हणतात. मराठीत निष्ठा. हा शब्द आमच्या भागात जपून उच्चारावा लागतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आम्ही त्याचे चटके सोसले आहेत. आणि तरीही डिझेल कर्नाटकात स्वस्त होतं तेव्हा कोगनोळीच्या अलीकडल्या पंपांवर महाराष्ट्राच्या पाटीच्या गाड्या रांगेनं उभ्या असत. त्यांतल्या एखाद्या गाडीच्या काचेवर सीमालढ्याची घोषणाही असे. मला त्यात ढोंग दिसत नाही. टाकी भरायची ती भावानं, आणि उरलेलं सगळं कशानं भरतं ते ज्याचं त्याला माहीत.

गावाचं नाव दूरवर गेलं ते मात्र ज्यांनी कसलीच टाकी भरली नाही त्यांच्यामुळे. आचार्य विद्यासागर इथले. १० ऑक्टोबर १९४६, शरद पौर्णिमा, हा त्यांचा जन्मदिवस. १९६८ साली, वयाच्या बाविशीच्या आत, त्यांनी अजमेरला दिगंबर मुनिदीक्षा घेतली आणि १८ फेब्रुवारी २०२४ ला छत्तीसगडात डोंगरगडला देह ठेवला. दिगंबर मुनी दिवसातून एकदा आहार घेतात, उभ्यानं, भांडं नाही, दोन्ही हातांची ओंजळ हेच पात्र. आहार देणारी माणसं घास ओंजळीत ठेवत राहतात. मी एकदा दुसऱ्या एका मुनींचा आहार जवळून बघितला आहे. नजर वर नव्हती, ओंजळीत होती. घास निरखून बघितला जात होता, आणि पुरे झालं तेव्हा ओंजळ मिटली. बाहेर पडताना जिन्याशी चपला शोधता शोधता माझ्या मनात आलं की या मापाला काठ आहे, पण त्यावर शीग उभी करता येत नाही. मग चपला सापडल्या आणि मी बाजारात गेले, कारण त्या दिवशी तेलाच्या डब्यावर चमचा फुकट होता.

अखेर मी लेकीचं ऐकलं. स्वस्तवाल्या ॲपवर मिक्सर मागवला. तिथं एक अडचण निघाली, ते ॲप ५९१ नं सुरू होणारा आमचा पिनकोड घेईना. भावाचा ४१६ चा पिन घातला, लगेच घेतला. म्हणजे मिक्सर माहेरी आला, चौथ्या दिवशी. पण तोवर वरच्या धरणक्षेत्रात पाऊस जोरात झाला होता. मलिकवाड-दत्तवाड बंधारा दरवर्षीप्रमाणे पाण्याखाली गेला. लांबून फेरा मारून यायला भावाला सवड नव्हती. दहा-बारा दिवस माझा मिक्सर नदीच्या त्या काठावर आणि मी या काठावर. परड्यातला पाटा धुऊन आत आणला. त्यावर वाटलेली चटणी चांगली लागली हे खरं, पण पाठ दुखली हेही खरं. मधेच ३० तारीख येऊन गेली. त्या रात्री फोन वाजला नाही. पॉइंट येताना जेवढा गाजावाजा करतात तेवढा जाताना करत नाहीत. दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर ३४० च्या जागी शून्य होतं, आणि खाली मायेनं लिहिलं होतं की चला, नव्यानं सुरुवात करू या.

पाणी उतरल्यावर भाऊ आला. मोटारसायकलच्या मागे खोकं बांधलेलं आणि खोक्यावर एक पिशवी: ओल्या हळदीच्या कांड्या, शेवग्याच्या शेंगा, आईच्या हातच्या कुरड्या. “आक्का, जरा दमानं सोड, दोरीत हळद अडकलीया,” म्हणाला. पिशवीचं वजन मिक्सरपेक्षा जास्त भरलं असतं. चहा पिता पिता त्यानं खोकं फोडलं, भांडी काढली, झाकणं लावून बघितली, आणि तळाशी चिकटलेलं एक कार्ड माझ्यापुढे धरलं. त्यावर रुपेरी पट्टी होती. खरवडा आणि पुढच्या खरेदीवर पॉइंट मिळवा.

“खरवडू?” त्यानं नख लावलं होतं.

“राहू दे,” म्हटलं. आत जाऊन आत्तींचा डबा काढला आणि ते कार्ड चहाच्या नऊ कुपनांवर ठेवलं. जाड होतं, डब्याचं झाकण लागेना. तळहातानं दाबून धरलं तेव्हा बसलं.